हर्ड बेटावरचा बिग बेन: ढगाआडचा ज्वालामुखी दुरून कसा वाचतात

नकाशावर चिपळूणवर बोट ठेवा आणि सरळ दक्षिणेकडे रेघ ओढा. ती मालदीवच्या मालेवरून जाते, विषुववृत्त ओलांडते आणि पुढे जवळजवळ सहा हजार किलोमीटर नुसतं पाणी लागतं. ते संपतं ५३ अंश दक्षिण अक्षांशावर, एका पांढऱ्याशुभ्र डोंगरापाशी. बेटाचं नाव हर्ड, डोंगराचं नाव बिग बेन आणि त्याच्या माथ्यावरच्या शिखराचं नाव मॉसन. उंची २,७४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईवर आणखी अकराशे मीटर. हा जिवंत ज्वालामुखी आहे, आणि त्याच्या आसपास कुणीही राहत नाही.

बेट ऑस्ट्रेलियाचं आहे, पण पर्थपासून सुमारे ४,१०० किलोमीटरवर. खुद्द ऑस्ट्रेलिया खंडावरचं सर्वांत उंच शिखर कॉशुस्को २,२२८ मीटरचं, त्यामुळे अंटार्क्टिकावरचा दावा बाजूला ठेवला तर त्या देशाचा सर्वांत उंच बिंदू मॉसन शिखर हाच ठरतो. पुष्कळ लोकांनी या बेटाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिल २०२५ मध्ये, अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्काच्या यादीत हे निर्मनुष्य बेटही होतं म्हणून. ती बातमी चार दिवसांत विरली. इथे विषय आहे तो त्या डोंगराचा, आणि पाहायला कुणीच नसताना त्याच्या पोटात काय चाललंय हे ओळखण्याच्या पद्धतीचा.

आधी हा डोंगर भर समुद्रात आला कुठून, ते पाहू. हर्ड बेट कर्गुलेन पठार नावाच्या प्रचंड पठारावर उभं आहे. हे पठार जवळजवळ सगळं पाण्याखाली आहे आणि मुख्यतः बेसॉल्टचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या पाषाणाचं. पृथ्वीच्या खोल पोटातून तप्त खडकाचा एक स्तंभ वर येत राहिला आणि त्याच्या माथ्यावर वितळलेला शिलारस कोट्यवधी वर्षं ओतला गेला. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. सह्याद्री आणि दख्खनचं पठार घडवणारा हॉटस्पॉट आज रीयूनियन बेटाखाली आहे. ते लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. कर्गुलेनचा हॉटस्पॉट वेगळा आणि त्याहून जुना. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांचा बेसॉल्ट त्याच्याशी जोडला जातो, आणि तो सुमारे ११.७ कोटी वर्षांचा आहे. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला. खालचा स्तंभ जवळपास जागच्या जागी राहिला, म्हणून त्याच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत गेली. बंगालच्या उपसागरापासून दक्षिणेकडे सुमारे पाच हजार किलोमीटर गेलेला नव्वद-पूर्व कटक, तो हाच माग. आज तो स्तंभ अंटार्क्टिक भूपट्टाखाली आहे आणि हा भूपट्ट फार सावकाश सरकतो, त्यामुळे शिलारसाची भर त्याच मुलखात पडत राहते.

त्या मानाने बिग बेन अगदी कोवळा आहे. बेटाच्या तळाशी समुद्रात साचलेला चुनखडक आहे, त्यावर हिमनद्यांनी आणि ज्वालामुखींनी टाकलेल्या गाळाचे थर, आणि सर्वांत वर गेल्या दहा लाख वर्षांतला बिग बेनचा लाव्हा. तो दिसायला सह्याद्रीच्या कातळासारखाच, पण जातीने निराळा. दख्खनचा बहुतेक बेसॉल्ट खोलवरचा खडक मोठ्या प्रमाणात वितळून तयार झाला. हर्डखाली थोडाच अंश वितळतो, आणि थोडं वितळलं की सोडियम-पोटॅशियम आधी रसात उतरतात. म्हणून इथला लाव्हा अल्कधर्मी असतो.

डोंगराचा पाया साधारण गोल, सुमारे वीस किलोमीटर व्यासाचा. वरचा भाग पूर्वी कधीतरी कोसळला आणि पाच-सहा किलोमीटर रुंद कुंड तयार झालं. त्याची नैर्ऋत्येची कड फुटलेली आहे, आणि मॉसन शिखराचा शंकू या कुंडाच्या आत वाढला आहे. उपग्रहचित्र पाहताना हे ध्यानात असू द्या, कारण मोठ्या गोलाच्या बरोबर मध्ये उष्ण ठिपका शोधायला गेलात तर तो सापडणार नाही, नैर्ऋत्येला सरकूनच पाहावं लागतं. लाव्हा वाहून गेला तर जाणारही बहुधा त्याच फुटक्या अंगाने, जिथून गॉटली हिमनदी समुद्राकडे उतरते.

आता अडचण कुठली, तर ढगांची. दक्षिण गोलार्धात पन्नाशीच्या अक्षांशांवर पश्चिमेचा वारा अडवायला जमीनच नाही. तो पृथ्वीभोवती गरगर फिरत असतो आणि हर्डवर येऊन आदळतो. बेटावर ताशी १८० किलोमीटरहून जोराचे झोत नोंदले गेले आहेत. दमट हवा डोंगर चढताना थंडावते, तिचा ढग होतो आणि माथ्यावर टोपीसारखा बसतो. टोपी जागेवर दिसते, पण तिच्यातली हवा सतत बदलत असते, म्हणजे पश्चिमेच्या कडेला थेंब तयार होतात आणि पूर्वेच्या कडेला विरतात. समुद्रसपाटीला ३ अंश असेल तर दर किलोमीटरला साडेसहा अंश या हिशोबाने शिखरावर उणे १५ अंश. वारा खालच्या थरात वर चढू शकला नाही तर डोंगराला वळसा घालतो, आणि मग बेटाच्या पूर्वेला ढगांचे भोवरे एकाआड एक, डावा-उजवा असे शेकडो किलोमीटर लांब ओळीने उमटतात. नदीच्या धारेत बांबू रोवला की त्याच्या मागे पाण्याचे जसे भोवरे सुटतात, तसेच.

ऑस्ट्रेलियाने अ‍ॅटलस कोव्ह इथे १९४७ ते १९५५ या काळात संशोधन केंद्र चालवलं. तेव्हा निदान डोळे होते, आणि पन्नाशीच्या सुरुवातीचे उद्रेक लोकांनी पाहून नोंदले. केंद्र बंद झाल्यावर नोंदी आल्या त्या जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवरून, तेही ढग फाटले तर. उद्रेकांच्या जुन्या यादीत मोठमोठ्या मोकळ्या जागा दिसतात. त्यांचा अर्थ डोंगर शांत होता असा घेऊ नका. त्या पाहणारा नव्हता एवढंच सांगतात. सन २००० नंतर नोंदी एकदम दाट होतात, कारण अमेरिकेचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये आणि अ‍ॅक्वा मे २००२ मध्ये आकाशात गेला. दोघांवरही मोडिस नावाचं उपकरण आहे आणि ते दिवसरात्र सगळी पृथ्वी उष्णतेच्या डोळ्याने पाहतं.

हा उष्णतेचा डोळा नीट समजून घेण्यासारखा आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापत जातं तसं आधी काळं, मग लाल, मग पिवळसर दिसतं. वस्तू जितकी तापलेली, तितकी तिच्या उजेडाची तरंगलांबी आखूड. शून्य अंशाचा बर्फ सर्वांत जास्त किरण टाकतो ते १०.६ मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हजार अंशांचा लाव्हा टाकतो २.३ मायक्रॉनच्या आसपास. दोन्ही आपल्या डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त. मोडिस एकाच जागेकडे ४ मायक्रॉनलाही पाहतं आणि ११-१२ मायक्रॉनलाही. सगळी गंमत या दोन आकड्यांच्या तुलनेत आहे.

मोडिसचा एक पिक्सेल जमिनीवर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा, म्हणजे दहा लाख चौरस मीटर. त्यात १० बाय १० मीटरची उघड्या लाव्ह्याची थारोळी आहे असं धरू. पिक्सेलचा दहा हजारावा भाग. बाकी सगळा शून्य अंशाचा बर्फ. तापलेली वस्तू कुठल्या तरंगलांबीला किती उजेड टाकते हे सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्राने आकडे काढले तर ४ मायक्रॉनला (मोडिसचा नेमका पट्टा ३.९६) हजार अंशांचा लाव्हा त्याच बर्फापेक्षा सुमारे ३७,००० पट तेजस्वी निघतो. ३७,००० चा दहा हजारावा भाग ३.७. म्हणजे एवढ्याशा थारोळीमुळे अख्ख्या पिक्सेलचं तेज आधीच्या ४.७ पट होतं. हेच ११ मायक्रॉनला केलं तर लाव्हा बर्फाच्या फक्त ६७ पट, आणि त्याचा दहा हजारावा भाग म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. तिथे काही घडलंय याचा पत्ताही लागत नाही. एका तरंगलांबीत बोंब आणि दुसरीत शांतता, हीच ज्वालामुखीची खूण. आणि जमीन जितकी थंड तितकी ही खूण ठळक, म्हणून बर्फाळ डोंगर या कामाला फार सोयीचा.

मोडव्होल्क नावाची स्वयंचलित यंत्रणा याच खुणेचा एक निर्देशांक काढते. ४ मायक्रॉनचं तेज वजा १२ मायक्रॉनचं तेज, भागिले दोघांची बेरीज. वरच्या उदाहरणात नुसत्या बर्फाचा निर्देशांक येतो उणे ०.९३. थारोळीसह येतो उणे ०.७३. रात्रीच्या चित्रात निर्देशांक उणे ०.८० च्या वर गेला की इशारा नोंदला जातो, म्हणजे १० बाय १० मीटरला इशारा येईल. तोच हिशोब ७ बाय ७ मीटरसाठी करा, उत्तर येतं उणे ०.८३. इशारा नाही. उंबरठा इतका बारीक आहे. हवेत शोषली जाणारी उष्णता या हिशोबात धरलेली नाही, ती धरली तर थारोळी आणखी थोडी मोठी लागेल. शिवाय खरा लाव्हा सगळा उघडा नसतो. तापवलेल्या दुधावर साय धरते तशी त्याच्यावर काळी साय धरते, आणि ती पाच-सहाशे अंशांवर आलेली असू शकते. तेज मिळतं ते मुख्यतः तिच्या भेगांतून. म्हणून इशाऱ्यावरून थेट ‘इतका लाव्हा आहे’ असं म्हणता येत नाही. थोडा उघडा लाव्हा आणि पुष्कळ सायीखालचा लाव्हा एकच आकडा देऊ शकतात.

इशारा न येण्याची कारणं इशारा येण्याच्या कारणांपेक्षा जास्त आहेत, आणि नवखा वाचक इथेच फसतो. पहिलं कारण ढग. ४ मायक्रॉनचे किरण जाड ढगातून पार होत नाहीत. ११ मायक्रॉनचं तापमान पाहिलं तर थोडा उलगडा होतो: शिखराच्या पिक्सेलमध्ये उणे ४० अंश दिसत असेल तर तुम्ही उंच ढगाचा माथा पाहताय, डोंगर नव्हे. उणे १५ च्या आसपास दिसलं तर ते बर्फ असू शकतं, पण त्याच उंचीचा टोपीढगही तेवढाच थंड असतो, तेव्हा या एका आकड्यावर विसंबू नये. दुसरं कारण विवराची खोली. लाव्हा खोल विवरात असेल आणि उपग्रह तिरका पाहत असेल तर मधली कड आड येते. विहिरीत डोकावायचं तर काठावर यावं लागतं, तसंच. तिसरं, एका फेरीत उपग्रह जमिनीचा जो पट्टा पाहतो त्याच्या कडेला मोडिसचा पिक्सेल फाकून साधारण दोन बाय पाच किलोमीटरचा होतो. क्षेत्र दहापट झालं की तीच थारोळी दहापट पातळ होते आणि उंबरठ्याखाली जाते. याच कडेला शेजारच्या ओळी एकमेकींवर चढतात, आणि एकच ठिपका दोनदा मोजला जातो. म्हणून एका रात्री दोन इशारे दिसले तर लगेच दोन विवरं फुटली असं समजू नका.

एक गोष्ट मात्र हर्डवर फार सोपी आहे. दुसरीकडे उष्ण ठिपका दिसला की वणवा की शेतातली जाळपोळ की तेलविहिरीची ज्योत, हे तपासत बसावं लागतं. हर्डवर झाडच नाही, वस्ती नाही, कारखाना नाही. रात्री शिखरावर उष्णता दिसली तर ती डोंगराचीच. दिवसा समुद्रावर किंवा ढगावर सूर्य चमकून फसगत होऊ शकते, म्हणून रात्रीच्या नोंदींना जास्त वजन द्यावं. दक्षिण गोलार्धात आपल्या उलट ऋतू असतात, त्यामुळे जून-जुलैच्या लांब रात्री या कामाला बऱ्या.

मोडिस सांगतं ‘काहीतरी तापलंय’. नेमकं काय तापलंय ते पाहायला युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं लागतात. ती फुकट आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा, शोधात -५३.१०६, ७३.५१३ हे अक्षांश-रेखांश टाका आणि सेंटिनेल-२ चा एल१सी संच निवडा. दुसऱ्या, एल२ए संचात हवेची दुरुस्ती केलेली असते, आणि ती करताना सगळा उजेड परावर्तित सूर्यप्रकाश आहे असं धरलेलं असतं. लाव्हा स्वतःच उजेड टाकतो, म्हणून कमी हात लागलेला संच बरा. ढगांच्या प्रमाणाची मर्यादा १०० टक्क्यांवर न्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक जण ती २०-३० टक्क्यांवर ठेवतात आणि मग हर्डची चित्रंच येत नाहीत. ती टक्केवारी शंभर किलोमीटरच्या चौकोनाची असते. भोवतालचा सगळा समुद्र झाकलेला आणि शिखर तेवढं ढगावर निघालेलं, अशी चित्रं इथे मोलाची, आणि गाळणी नेमकी तीच फेकून देते.

मग स्वतःची रंगजोडणी करा: लाल रंगाला बी१२, हिरव्याला बी११, निळ्याला बी८ए. बी१२ म्हणजे सुमारे २.२ मायक्रॉन, बी११ म्हणजे १.६, बी८ए म्हणजे ०.८६. बर्फ पहिल्या दोन पट्ट्यांत जवळपास काळा आणि तिसऱ्यात उजळ असतो, त्यामुळे सगळा डोंगर गडद निळा दिसतो. पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरट. आणि त्या निळ्यावर लाव्हा असेल तर थंडावणारा भाग लाल, जास्त तापलेला नारिंगी, सर्वांत उघडा भाग पिवळा, कारण उष्णता वाढली की बी१२ च्या पाठोपाठ बी११ ही पेटतो. एका पिक्सेलची बाजू २० मीटर. पिवळे पाच-सहा ठिपके एकत्र आणि त्यांच्यापासून उताराकडे निघालेली बारीक लाल शेपटी दिसली, तर विवर भरून लाव्हा वाहू लागला आहे. नुसता गोल ठिपका म्हणजे लाव्हा विवरातच आहे. उघडा कातळही या जोडणीत तपकिरी-लालसर दिसतो, पण तो बहुतेक किनाऱ्याजवळ असतो आणि दर चित्रात त्याच जागी. हिवाळ्यातल्या चित्रात सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंश वर असतो आणि शिखराची लांबलचक काळी सावली दक्षिणेकडे पडते. तिला राखेचा पट्टा समजू नका. वारा बहुधा पश्चिमेचा, तेव्हा राख पडली तर पूर्वेकडे पडायची.

याच मुलखात एक बेट वाढलं तरी जगाला वर्षानुवर्षं त्याचा थांग नव्हता. हर्डच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर मॅकडोनाल्ड बेटं आहेत. तिथला ज्वालामुखी सुमारे ७५,००० वर्षं निद्रिस्त होता. १९९२ मध्ये तो जागा झाला, हे हर्डच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्यूमिस दगडांवरून उमगलं. प्यूमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी इतका पोकळ झालेला लाव्हा की तो पाण्यावर तरंगतो. पुढे २००१ च्या उपग्रहचित्रात दिसलं की मॅकडोनाल्ड बेटाचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त झालंय आणि शेजारचं फ्लॅट बेट त्याला जोडलं गेलंय.

बर्फाची गोष्ट उलट दिशेची. बेटाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग हिमनद्यांनी झाकलेला आहे. १९४७ ते २०१९ या काळात त्यातला पाचव्या हिश्शाहून जास्त बर्फ नाहीसा झाला. हे ज्वालामुखीच्या धगीने झालं असं पुष्कळांना वाटतं, पण हिशोब जुळत नाही. शिखरावरची धग काही दहा मीटरांच्या विवरापुरती. वितळलेला बर्फ आहे चहूबाजूंच्या हिमनद्यांच्या खालच्या टोकांचा, समुद्राजवळचा, आणि पूर्वेच्या अंगाला सर्वांत जास्त. पूर्वेकडे उतरणारी हवा माथ्यावर पाऊस टाकून आलेली, कोरडी असते आणि खाली उतरताना दाबली जाऊन उबदार होते. आधीच उबदार असलेल्या बाजूला हवामान तापल्याचा मार जास्त बसतो. स्टीफनसन हिमनदीची जीभ १९५० च्या दशकात जिथे होती तिथे आज खारं तळं आहे. जुना नकाशा घेऊन चित्र वाचायला बसाल तर किनाराच चुकेल.

तिथे पाय ठेवायचा तर ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक विभागाचा परवाना लागतो. फ्रीमँटलपासून जहाजाने दोन आठवड्यांच्या आसपास. बंदर नाही, धक्का नाही, लाटांतून रबरी होडी काठाला घालावी लागते. बुटांच्या तळव्यातली माती आणि कपड्यांना चिकटलेली बीजं काढून मगच उतरू देतात, कारण बाहेरच्या जिवांचा उपद्रव फारसा न झालेली अशी बेटं पृथ्वीवर अगदी थोडी उरली आहेत. १९९७ पासून हर्ड आणि मॅकडोनाल्ड जागतिक वारसा यादीत आहेत ते बव्हंशी यासाठीच. मॉसन शिखर पहिल्यांदा सर झालं २५ जानेवारी १९६५ रोजी, वॉरविक डीकॉक यांच्या नेतृत्वाखालच्या पाच जणांकडून. त्यांची शिडाची नौका होती पतानेला आणि कप्तान होते बिल टिलमन.

२०१६ च्या सुरुवातीला ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे संशोधन जहाज बेटाजवळ होतं. शास्त्रज्ञ आले होते समुद्रतळाचे ज्वालामुखी आणि पाण्यातलं लोह मोजायला. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर, पण लोह इतकं कमी की सूक्ष्म वनस्पती पोटभर वाढू शकत नाहीत. हिमनद्यांनी दळलेला दगड आणि तळाशी झिरपणारं गरम पाणी ते लोह पुरवतात. काम चालू असताना ढग बाजूला झाले. शिखरातून वाफ निघत होती आणि बर्फाळ उतारावरून लाव्हा खाली येत होता, हे जहाजावरच्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं आणि चित्रित केलं. मग ढग पुन्हा मिटले.